गोपिकाचा डावा खांदा

आमच्या समोरची गोपिका आपल्याच घरात आडवी होऊन शिरे. पहिले डावा खांदा भिंतीपासून काढायचा, मंग कंबर वळवायची, मंग पाय आत. आमच्या महाल वस्तीतल्या जुन्या घरांचे दारं अरुंदच असतात, पण एवढंही काही अरुंद नाही. तिच्या पोट्ट्याच्या, गोलूच्या, लांब तंगड्या चौकटीले लागू नये म्हणून तिनं ती सवय लावून घेतली होती. गोलू गेला, त्याची तेरवी झाली, होळी झाली, तरी बाई आडवीच. हातात नुसती रिकामी बादली असली तरी आडवी. मी माह्या ओट्यावर बसून पाहो अन् डोक्शात सणक जाये. वाटे, ओरडावं, "अवं, सरळ जा ना वं बाई!" पण ओरडली नाही. माह्यासारखी बाई चूप बसली, यातच काय ते समजा.

मी सिंधू. मालिशवाली. बाळंतिणी, त्यांचे लेकरं, गुडघे धरून बसलेल्या म्हाताऱ्या, सगळ्यांचे अंग माह्या हाताखालून गेले. माहं तोंड खराब आहे, हे अख्ख्या गल्लीले माहीत आहे. हात बरा आहे म्हणून लोक तोंड सहन करतात. अन् मालिशवालीले गोड बोलून जमतही नाही बापा. माणूस दुखलं की अंग चोरते, अन् अंग चोरलं की आणखीन दुखते. त्याले दोन शिव्या घातल्या की तो हसते नाहीतर चिडते, अन् तेवढ्यात माहं काम होऊन जाते.

गोलूकडे मले बोलावलं तेव्हा तो तीनेक वर्षांचा असंन. जन्मला तेव्हा रडला नव्हता. डोक्शाले हवा कमी पडली, असं डॉक्टर म्हणे. हातपाय ताठ, मुठी आवळलेल्या, मान एका बाजूले. बसता येत नव्हतं, बोलता येत नव्हतं. डॉक्टरनं व्यायाम सांगितला अन् रोजची मालिश सांगितली. मी पहिल्या दिवशी त्याच्या मांडीले हात लावला, तर मांडी कशी, दोरीच्या पिळासारखी. म्हटलं, "काय रे मुडद्या, एवढुसा जीव अन् कोनाशी कुस्ती खेळून राहिला?" तर ते पोट्टं हसलं. असं हसलं की सगळं अंग हाललं. अन् हसता हसता मांडी सैल झाली.

तेव्हापासून शिव्या म्हणजे त्याचं अर्धं औषध. मोहरीच्या तेलात ओवा अन् लसूण कढवून मी त्याचं तेल करे. तळपायापासून सुरू करायचं, वर वर जायचं, अन् तोंडाचा पट्टा चालूच ठेवायचा. "मुडद्या, आज काहून फुगला? भैताडा, पाय दे इकडे." तो खी खी करे. गोपिका बाजूले बसून लसूण सोले, तीही हसे. तिचा नवरा रुपराव खापरखेड्याच्या पॉवर स्टेशनात ठेकेदाराकडे कामाले. सकाळी मोटरसायकल काढून गेला की दिवेलागणीले घरी. मोठी पोट्टी वैभवी शाळेत. म्हणजे दिवसभर गोलूचं उचलणं-ठेवणं सगळं गोपिकाच्या अंगावर.

खाटेवरून न्हाणीत, न्हाणीतून खुर्चीत, खुर्चीतून ओट्यावर. ओट्यावर बसून गाड्या पाहणं हा त्याचा मोठा शौक. बुलेट आली की टाळ्या पिटायचा, म्हणजे मुठीवर मूठ आपटायचा. लहान होता तोवर ठीक. मंग पोट्टा वाढला. मायपेक्षा लांब झाला, मिसरूड फुटलं, तरी ती त्याले तसाच छातीशी धरून उचले. त्याची हनुवटी बरोबर तिच्या मान अन् डाव्या खांद्याच्या मधात रुते. तो तिथंच तोंड खुपसून राहे. लाळ गळे, म्हणून ती खांद्यावर पंचा टाके. तिचे सगळे ब्लाउज त्याच जागी विरले होते. रुपराव सुट्टीच्या दिवशी उचलायले गेला की गोलू ताठ व्हायचा, चिल्लावायचा. त्याले तीच जागा पाहिजे.

मी गोपिकाले म्हणे, "तुह्याही खांद्याले दोन हात मारू देत जा वं. मधात केवढी गाठ झाली, सुपारीएवढी."

"तुम्ही गोलूचं करा ना ताई," ती म्हणे. "माहं काय, मी काय पळून चालली?"

यंदा थंडीत गोलूच्या छातीत कफ झाला. अशा लेकरांले कफ बाहेर काढता येत नाही. गोपिकानं त्याले उचलून ऑटोत बसवलं, मांडीवर घेऊन दवाखान्यात नेलं. तिथल्या लोकांनी खूप केलं, खोटं काहून बोलू. पण तो परत आला तो ॲम्ब्युलन्समधून, पांढऱ्या चादरीत. तिरडीवर ठेवायची वेळ आली तेव्हा गोपिका पुढे झाली अन् तिनं रोजच्यासारखे दोन्ही हात त्याच्या बगलेत घातले. चार माणसं एकदम म्हणाले, "बाईनं नाही उचलायचं." आम्ही बायांनी तिले धरून मागे ओढलं. जिनं त्याले जन्मभर उचललं, तिलेच त्या एका वेळेस उचलू दिलं नाही. हा कायदा कोणी केला असंन, त्याच्या तोंडात माती पडो. मी तेव्हा नाही बोलली, आता बोलून राहिली.

ती रडली नाही. आमच्याकडे सुतकात अंगाले तेल लागत नाही. तेरवीले माहेरचं माणूस येते, डोक्शावर तेल घालते, मंग दुःख फिटलं असं धरायचं. तिचा भाऊ मौद्याहून आला, त्यानं बोटभर तेल तिच्या भांगात घातलं. ती भिंतीसारखी बसून. तेल कपाळावर ओघळलं, तेही पुसलं नाही. त्या दिवसापासून माह्या तोंडून 'मुडद्या' हा शब्द निघाला नाही. गल्लीतल्या दुसऱ्या लेकरांले शिवी द्यायले जाते अन् जीभ अडते.

मंग गोपिकाचं अंग लाकूड व्हायले लागलं. पहिले खांदा. हात कानापर्यंतही जाईना. वैभवी, तिले आता कॉलेजात टाकलेलं, तीच सकाळी मायची वेणी घाले. मंग मान, मंग पाठ. झोप नाही, जेवण म्हणजे दोन घास. रुपरावनं डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर चांगला होता बिचारा, दहा मिनिटं निवांत बोलला. म्हणे, "खांदा जाम झाला आहे, रोज हलवावा लागेल. पण नुसता खांदा नाही, ह्यांच्या मनावर ताण आहे, तो सगळा अंगात उतरला आहे. शेक द्या, मालिश करा, बोलतं करा." रुपराव सरळ माह्या ओट्यावर आला. एवढा मोठा गडी, डोळ्यात पाणी. "सिंधूताई, पोरगा तर गेला. आता हिले तरी सांभाळा."

मी रोज दुपारी जायले लागली. चटई टाकली, तिळाचं तेल कोमट केलं. पण तिची एक अट. पाय करायचे, पाठ करायची, डाव्या खांद्याले हात लावायचा नाही.

आता हे पहा, अंग कसं सैल होते ते मी सांगते. माणसाले वाटते मालिश म्हणजे रगडणं. रगडलं तर अंग भेते. हात पहिले नुसता ठेवायचा, गरम, जड. मंग हळूहळू फिरवायचा, सारखा, एका चालीनं. थोड्या वेळानं पायाचे बोटं गरम होतात. मंग पोट गुरगुरते. लाजू नका म्हणते मी लोकांले, पोट बोललं म्हणजे अंगानं भेव सोडला. मंग एक लांब श्वास येते, अगदी खालून. अन् त्या श्वासाच्या मागं काही जणांले रडू येते. काहून आलं ते त्यांनाही समजत नाही. बाळंतिणी रडतात, चांगले मिशावाले माणसं रडतात. मी काही विचारत नाही. हात चालू ठेवते.

गोपिकाचं पोट एकदाही गुरगुरलं नाही. पाय बर्फासारखे. एक दिवस पाठ करता करता माहा अंगठा चुकून, चुकून म्हणजे काय, मुद्दामच, वर सरकला. त्या गाठीपाशी गेला. तिनं वळून माहं मनगट असं धरलं की बांगड्या रुतल्या.

"तिथं नाही म्हटलं ना!"

"अवं, सारा आजार तिथंच आहे!" मीही तडकली. "गाठ सोडल्याशिवाय खांदा सुटंन कसा? जन्मभर लुळी होऊन राहतं का?"

ती उठून बसली. कूलर घरघर करून राहिला होता. मंग म्हणाली, "ताई, त्याची हनुवटी तिथं होती. खाट दुसऱ्याले देऊन टाकली. खुर्ची दिली. त्याचे कपडे नदीत सोडले. फोटोत तो तसा दिसत नाही, फोटोत कोणीतरी त्याचं तोंड धरून सरळ केलं आहे. मले दुखते ना तिथं, तेव्हा तो असते. सकाळी उठली की पहिले दुखते. मंग वाटते, आहे."

ज्याचं जळते त्याले कळते. मी तेलाची वाटी उचलली अन् घरी आली. दुसऱ्या दिवशी गेली अन् चुपचाप पायच केले.

पण घरात आणखीन एक लेकरू होतं ना. वैभवी. त्या पोट्टीनं कधी काही मागितलं नाही. गोलू होता तेव्हा ती आपोआप शहाणी झाली, स्वतःचा डबा स्वतः भरला, ताप आला तर गोळी घेऊन झोपली. एक दिवस मले गल्लीच्या तोंडाशी गाठलं.

"मावशी, आई मले जवळ येऊ देत नाही," ती म्हणाली. "काल मी तिच्या खांद्यावर डोकं टेकलं. तिनं झटकलं. असं झटकलं, जशी पाल पडली. मी काय केलं, मावशी? माहा पण भाऊ होता तो."

त्या खांद्यावर जागा भरलेली आहे म्हणून सांगू? "तुह्या मायले दुखते वं बाई, म्हणून," एवढंच म्हटलं. ती मान हालवून गेली. मले गोपिकाचा राग आला, अन् रागाच्या मागोमाग कीव आली.

मंग ते झालं. वैशाखातली भर दुपार. वैभवी मैत्रिणीच्या स्कुटीवर मागं बसून येत होती, बडकस चौकाकडून वळताना स्कुटी घसरली. हाड मोडलं नाही, पण गुडघा सोलून निघाला, घोटा सुजला. मैत्रिणीनं दारापर्यंत आणलं अन् ती गाडी लावायले गेली. वैभवी चौकटीले धरून उभी, पायावर रक्त, चेहरा पांढरा. "आई," म्हणाली अन् खाली बसायले लागली.

गोपिका धावली. जिनं तिच्याहून लांब पोरगा इतके वर्षं उचलला, तिनं दोन्ही हात पुढे केले, अन् डावा हात अर्ध्यावर थांबला. वर जाईचना. उजव्या एका हातानं पोरगी पेलवंना. वैभवी तिच्या हातातून सरकली अन् धाडकन उंबऱ्यावर बसली. मी ओट्यावरून पळत गेली, माह्यात काय ताकद, पण दोघींनी मिळून आत नेली. जखम धुतली, हळद भरली. गोपिका आपल्या हाताकडे पाहून राहिली होती, जसा तो कोणा दुसऱ्याचा हात आहे.

"आई, काही नाही झालं," वैभवी म्हणाली. "माही मीच पडली." असं म्हणाली अन् भिंतीकडे तोंड करून झोपली. भिंतीकडे. सवय होती ना तिले.

दुसऱ्या दिवशी मी गेली तर चटई टाकलेलीच होती. गोपिकानं तेल स्वतः गरम केलं होतं. घरात शिरताच मले वास आला. ओवा अन् लसूण. गोलूची बाटली. तळाले उरलं होतं ते सगळं तिनं वाटीत ओतलं होतं.

"आज खांदा करा," ती म्हणाली.

मी विचारलं, "खरंच?"

"त्याच्याच तेलानं करा. त्याचं करत होत्या ना, तसंच करा. तळपायापासून." मंग खाली पाहून म्हणाली, "पोट्टी पडली, ताई, अन् मले तिले धरता नाही आलं. तो गेला. ही तर आहे ना माही."

ती पालथी झोपली. मी डाव्या तळपायापासून सुरू केलं. पिंडरी, मांडी, कंबर. रोजचंच काम. पण शिव्या आल्या नाही तोंडात. खोलीत फक्त कूलरचा आवाज अन् त्या तेलाचा वास. वैभवी पलीकडच्या खाटेवर सुजलेला पाय उशीवर ठेवून पडली होती, डोळे उघडे. बऱ्याच वेळानं गोपिकाचे बोटं गरम झाले. मंग तिचं पोट गुरगुरलं. इतक्या महिन्यात पहिल्यांदा. दुसरी वेळ असती तर मी म्हटलं असतं, बोललं बाई एकदाचं. आता नुसता हात चालू ठेवला.

खांद्यापाशी आली. नुसता हात ठेवला. तिचं अंग ताठ झालं, मंग तिनंच सोडलं. ती गाठ खरंच सुपारीएवढी, जुनी, चिवट. मी तिच्याशी भांडली नाही. तेल जिरू दिलं, वरून, बाजूनं, खालून, हळूहळू. किती वेळ गेला ते माहीत नाही. माहे अंगठे सुन्न झाले. अन् मंग एकदम, गरम भाकरीवर लोणी पसरते ना, तशी ती माह्या बोटाखाली पसरून गेली. गोपिकाच्या आतून एक श्वास निघाला, लांब, लांब. अन् तिले झोप लागली. तोंड उघडं, लहान लेकरासारखी झोप. मी तिच्या अंगावर चादर टाकली अन् बाजूले बसून राहिली. खुश होती मी, खोटं नाही सांगत. म्हटलं, जिंकली.

चार वाजायच्या सुमारास ती जागी झाली. उठून बसली. केस तोंडावर आले होते, ते मागं सारायले तिनं हात उचलला. डावा. सरळ वर गेला, डोक्शाच्या वर. वैभवी खाटेवर उठून बसली. "आई! हात!" ती ओरडली. "आई, तुहा हात वर गेला!"

गोपिकानं हाताकडे पाहिलं. मंग तोच हात खाली आणून उजव्या हातानं खांदा चाचपला. मानेपाशी. मंग थोडं मागं. मंग परत मानेपाशी. तिचे बोटं शोधून राहिले होते, अंधारात काडेपेटी शोधतात तसे. खांदा गोल फिरवला, दाबून पाहिला. जोरात दाबून पाहिला.

"दुखत नाही," ती म्हणाली.

"नाही दुखणार आता," मी म्हटलं.

"ताई, दुखत नाही!" अन् तिचा आवाज फाटला. "नाही तो. तिथं नाही. कुठंच नाही!"

मंग ती रडली. दवाखान्यात नाही, तिरडीपाशी नाही, तेरवीले नाही, ते सगळं आता आलं. असं रडणं मी कोणाचं ऐकलं नाही. गोलू, गोलू, माह्या राजा, करत होती अन् आपलाच खांदा आपल्या नखांनी ओरबाडत होती. वैभवी तिचा हात धरायले लंगडत आली. मीही धरला. तिनं माहा हात पकडला अन् ओढून त्या जागेवर दाबला.

"तुम्ही पहा," ती म्हणाली. "तुमच्या हाताले समजते. नीट पहा ना ताई. थोडीशी गाठ तरी असंन. एवढे वर्षं होता तो तिथं. पूर्ण कशी जाईन? पाया पडते, पहा ना."

मी पाहिलं. अंगठ्यानं पाहिलं, चारही बोटांनी पाहिलं, डोळे मिटून पाहिलं. ती अन् वैभवी दोघी माह्या तोंडाकडे पाहून राहिल्या होत्या.

"आहे वं," मी म्हटलं.

"खरं?"

"खोल आहे. हाडापाशी. ती नाही सुटत. कोणत्याच मालिशनं नाही सुटत ती."

"त्याची शपथ घ्या."

"गोलूची शपथ," मी म्हटलं.

तिनं डोळे मिटले. श्वास खाली बसला. वैभवीनं भेत भेत मायच्या खांद्याले गाल टेकला, अन् गोपिकानं तो झटकला नाही. मी आपला हात हळूच काढून घेतला. मऊ होता तो खांदा, कालच्या बाळंतपणातल्या लेकरासारखा मऊ. तिथं काहीच नव्हतं.